मायक्रोकंट्रोलरवर रस्ट: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

पोटापाण्याचं काम सीमध्ये आणि जमेल तिथे रस्टमध्ये, असं माझं गेली काही वर्षं चाललंय. ज्युनिअर मंडळी, एम्बेडेडचा डिप्लोमा करणारी मुलंमुली आणि सीमध्ये केस पांढरे केलेले मित्र हे तिघेही तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी आणि डोकं खाणारे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. रस्ट म्हणजे नक्की काय? छोट्या चिपवर खरंच चालतं का?

रस्ट ही सी आणि सी प्लस प्लसच्या जागी वापरता येईल अशी, थेट मशीन कोडमध्ये उतरणारी भाषा आहे. ग्रेडन होअर यांनी ती घरगुती प्रकल्प म्हणून सुरू केली, पुढे मोझिलाने पाठबळ दिलं आणि मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली. चुकीच्या पत्त्यावर लिहिणं, सोडून दिलेली मेमरी परत वापरणं, दोघांनी एकाच वेळी एकच डेटा बदलणं अशा बऱ्याच चुका ती कंपाइल होतानाच अडवते, उरलेल्या चालताना.

छोट्या चिपवर चालतं, आणि आता प्रयोग म्हणून नाही. २०१८ च्या अखेरीस आलेल्या १.३१ आवृत्तीपासून कॉर्टेक्स-एमसाठी (एआरएमचे मायक्रोकंट्रोलरमधले कोर) स्टेबल कंपायलरवर फर्मवेअर बनवता येतं. त्याआधी नाइटली, म्हणजे रोज बनणारा प्रायोगिक कंपायलर लागायचा आणि आज चाललेलं उद्या चालेल याची खात्री नसायची.

२. यात गार्बेज कलेक्टर असतो का? मग रिअल टाइमचं काय?

नसतो. व्हर्च्युअल मशीन नाही की मागे चालणारा रनटाइम नाही. मेमरी कधी सोडायची ते कंपायलर आधीच ठरवतो. वेळेच्या बाबतीत सीची जी हमी असते तीच इथे.

३. सी मस्त चाललंय. बदलायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रागाने येतो. आकडे सांगून मी थकलोय, तरी एकदा सांगतो. आपल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं. अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण २०१९ साली ७६ टक्के होतं. नवा कोड रस्टसारख्या भाषांमध्ये लिहायला लागल्यावर २०२४ पर्यंत ते २४ टक्क्यांवर आलं. तिथे जुना कोड कुणी पुसून काढला नव्हता, हे लक्षात घ्या.

पण मला पटलं ते आकड्यांमुळे नाही. एकदा ठिबकच्या लाइनमध्ये विद्राव्य खत सोडणारा कंट्रोलर बनवला होता, ८ बिट एव्हीआर चिपवर, सीमध्ये. फ्लो सेन्सर लिटरला ४५० पल्स देणारा. ५ लिटर खत द्यायचं म्हणजे २२५० पल्स झाले की व्हॉल्व बंद. इंटरप्टमध्ये, म्हणजे पल्स आला की हातातलं काम थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये, १६ बिटचा काउंटर वाढायचा आणि मेन लूप तो वाचायचा. टेबलवर महिनाभर चालवलं, एकदाही चुकलं नाही. शेतावर मात्र अधूनमधून व्हॉल्व लवकर बंद व्हायचा. सेन्सर बदलला, वायर बदलली, सोलेनॉइडला डायोड नीट लागलाय का ते तीनदा पाहिलं.

शेवटी लॉगमध्ये एक गोष्ट दिसली. चुकतं तेव्हा दर वेळी ४.५५ लिटरलाच चुकतं. ४.५५ लिटर म्हणजे २०४८ पल्स, आणि तिथे ट्यूब पेटली. ८ बिट चिप १६ बिटची संख्या दोन घासांत वाचते. काउंटर २०४७ असताना मेनने खालचा बाइट वाचला, तो २५५. तेवढ्यात पल्स आला आणि काउंटर २०४८ झाला. मग मेनने वरचा बाइट वाचला, तो ८. दोन्ही जोडून झाले २३०३. ते २२५० च्या वर, म्हणून व्हॉल्व बंद. व्हेरिएबलला व्होलाटाइल लावलेलं होतं. व्होलाटाइल म्हणजे "दर वेळी मेमरीतून वाच". "एका दमात वाच" असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

चूक माझीच होती आणि पुस्तकातली होती. पण सीच्या कंपायलरने एक अक्षर काढलं नाही. तोच काउंटर रस्टमध्ये साध्या पद्धतीने इंटरप्ट आणि मेनमध्ये वाटायला गेलात तर बिल्डच होत नाही. काय वापरायचं ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. कोणता बोर्ड घेऊ? घरात ऊनो पडलाय, तो चालेल?

शिकण्यासाठी रास्पबेरी पाय पिको घ्या. त्यातल्या आरपी२०४० चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-एम०+ कोर आणि २६४ किलोबाइट रॅम आहे, आणि प्रोग्राम यूएसबीवरून टाकता येतो. शक्य असेल तर दोन घ्या. दुसऱ्यात डीबग प्रोबचं फर्मवेअर टाकलं की तोच पहिल्याचा डीबगर होतो. बुधवार पेठेत नाहीतर लॅमिंग्टन रोडला वेगळा डीबगर शोधत फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मायक्रोबिटची दुसरी आवृत्तीही छान आहे, डीबगर बोर्डावरच असतो. ब्लू पिल घेणार असाल तर जपून, वरचं नाव एक आणि आत नकली चिप असं बरेचदा निघतं.

ऊनोवर रस्ट चालतं, पण एव्हीआरसाठी अजून नाइटली कंपायलर लागतो आणि रॅम आहे जेमतेम २ किलोबाइट. पहिली ओळख तिथे करून घेऊ नका. आपल्या अभ्यासक्रमांतली लाडकी ८०५१ आणि ८ बिट पिक यांवर मात्र रस्ट नाही. रस्टचा कंपायलर एलएलव्हीएमवर उभा आहे आणि त्यात या चिपसाठी कोड काढायची सोय नाही.

ईएसपी३२ बद्दल प्रश्न १७ पाहा.

५. "नो-एसटीडी" हे सगळीकडे दिसतं. ते काय असतं?

रस्टची स्टँडर्ड लायब्ररी खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे असं धरून चालते. फाइल, थ्रेड, नेटवर्क सगळं तिथून येतं. मायक्रोकंट्रोलरवर यातलं काहीच नसतं. म्हणून फाइलच्या माथ्यावर एक ओळ लिहून सांगायचं, की स्टँडर्ड लायब्ररी नको, फक्त "कोअर" दे. ऑप्शन, रिझल्ट, इटरेटर, स्लाइस, ॲटॉमिक ही रोजच्या वापरातली मंडळी कोअरमध्येच आहेत.

सवयीची जी गोष्ट जाते ती म्हणजे वाढत जाणारी व्हेक (यादी) आणि स्ट्रिंग, कारण त्यांना हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) लागतो. त्याला दोन पर्याय. एक म्हणजे "हीपलेस" क्रेट (रस्टची लायब्ररी), ज्यात व्हेकची कमाल लांबी आधीच सांगायची. दुसरा म्हणजे स्वतः ॲलोकेटर बसवून "ॲलॉक" लायब्ररी चालू करणं. मी पहिलाच वापरतो. व्हेक भरली की पुश एरर परत देतो, आणि भरल्यावर काय करायचं याचा विचार त्याच ओळीवर करावा लागतो. वर्षभर बंद न पडता चालणाऱ्या डब्यात हीपचे तुकडे होत जाणं मला परवडत नाही.

६. पॅक, हॅल, बीएसपी... डोकं गरगरतंय. काय वापरू?

खालून वर जाऊ. चिप बनवणारी कंपनी सगळ्या रजिस्टरांचं वर्णन एसव्हीडी नावाच्या फाइलमध्ये देते. त्या फाइलवरून एक टूल आपोआप रस्ट कोड काढतं, तो पॅक. पॅकवर माणसांनी लिहिलेला वापरायला सुटसुटीत थर म्हणजे हॅल, ज्यात "हा पिन आउटपुट कर" असं म्हणता येतं. एखाद्या बोर्डावर कुठला एलईडी कुठल्या पिनला, हे सांगणारा थर बीएसपी.

हॅलपासून सुरुवात करा. हॅलमध्ये नसलेलं काही लागलं तरच पॅकमध्ये उतरा.

यात खरा फायदा एम्बेडेड-हॅल नावाच्या सामाईक करारात आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर या करारावर लिहिला की तो पिकोवर चालतो, एसटीएमवर चालतो आणि नॉर्डिकच्या चिपवरही चालतो. सीमध्ये हेच काम दर प्रोजेक्टला नव्याने केलंय मी. फक्त क्रेट घेताना तो १.० साठी आहे की जुन्या ०.२ साठी ते बघा. दोन्ही एकत्र आले की ट्रेटच्या (रस्टमधल्या अशा कराराच्या) ज्या एरर येतात त्या वाचून माणूस भाषा सोडून देतो.

७. एक एलईडी लुकलुकवायला एवढा मोठा प्रोग्राम?

डीबग बिल्ड मोजलात का? त्या आकाराला काही अर्थ नाही. रिलीजमध्ये बिल्ड करा, ऑप्टिमायझेशन "एस" किंवा "झेड" ठेवा, एलटीओ चालू करा, कोडजेन युनिट १ करा. एलईडीचा प्रोग्राम काही किलोबाइटांवर येतो.

त्यानंतरही फुगलेला असेल तर बहुतेक वेळा दोषी एकच, टेक्स्ट फॉरमॅटिंग. एखादी संख्या अक्षरांत छापायला गेलात की कोअरमधलं फॉरमॅटिंगचं सगळं लटांबर आत येतं, आणि फ्लोट छापलात तर विचारूच नका. पॅनिकचे (प्रोग्राम चालताना कोसळल्याचे) संदेशही याच वाटेने येतात. कोण किती जागा खातंय ते कार्गो या रस्टच्या बिल्ड टूलला जोडलेलं कार्गो-ब्लोट दाखवतं. छापण्याचा हलका मार्ग पुढच्या उत्तरात आहे.

८. प्रिंट कसं करायचं? यूएआरटी (सीरियल पोर्ट) जोडावाच लागतो का?

नाही. चिप फ्लॅश करणारं प्रोब-आरएस आणि लॉग छापणारं डीफएमटी (defmt) ही जोडी वापरा. डीफएमटीमध्ये "तापमान इतकं" हे वाक्य चिपच्या फ्लॅशमध्ये जातच नाही, ते तुमच्या संगणकावरच्या ईएलएफ फाइलमध्ये राहतं. चिप फक्त वाक्याचा क्रमांक आणि आकडा पाठवते, तोही डीबगरच्या त्याच तारांवरून. टर्मिनलमध्ये कार्गो रन म्हटलं की बिल्ड होतं, चिप फ्लॅश होते आणि लॉग दिसायला लागतो. कुठल्याही जड आयडीईशिवाय हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माझ्या मागच्या दहा वर्षांची कीव आली होती.

९. पिन एकदा वापरला की दुसऱ्यांदा "मूल्य हललं" अशी एरर येते. पिन काय पळून जातो का?

पळून जात नाही, त्याची मालकी बदलते. हॅलमध्ये पिन ही एक वस्तू असते. "आउटपुट हो" म्हटलं की जुना पिन खाल्ला जातो आणि वेगळ्या टाइपचा नवा पिन हातात येतो. तो आउटपुट पिन तुम्ही एलईडी ड्रायव्हरला दिला की तुमच्याकडे काही उरत नाही. ई०३८२ ही एरर तेच सांगते.

सुरुवातीला हा जाच वाटतो. पण एकच पिन एका फाइलमध्ये एसपीआयला आणि दुसऱ्या फाइलमध्ये बझरला, असला गोंधळ आपण सगळ्यांनी केलाय. इथे तो बिल्डलाच अडकतो. आणि यासाठी चिपवर एक बाइटही खर्च होत नाही, सगळा हिशेब कंपायलरच्या वहीत.

दोन ड्रायव्हरना एकच आय-टू-सी बस (अनेक चिप जोडायच्या सामाईक तारा) हवी असेल तर ती फोडायचा प्रयत्न करू नका. बस वाटून देण्यासाठी एम्बेडेड-हॅल-बस हा क्रेट आहे.

१०. इंटरप्ट आणि मेनमध्ये डेटा कसा वाटायचा? सीमध्ये ग्लोबल व्हेरिएबल टाकलं की झालं असतं!

झालं असतं, आणि मग प्रश्न ३ झाला असता.

रस्टमध्ये साधं ग्लोबल बदलता येत नाही. "स्टॅटिक म्यूट" लिहिता येतं, पण हात लावायला अनसेफ, म्हणजे "इथली जबाबदारी माझी" असा ब्लॉक, लागतं. २०२४ च्या एडिशनमध्ये त्याचा रेफरन्स घेतलात तर डीफॉल्टनेच एरर येते. जुने ट्युटोरियल जसेच्या तसे चिकटवणारे इथे अडकतात.

एकच संख्या किंवा एकच फ्लॅग असेल तर ॲटॉमिक, म्हणजे एका दमात वाचलं-लिहिलं जाणारं व्हेरिएबल, घ्या. माझ्या काउंटरला एवढंच पुरलं असतं. इंटरप्टमधून मेनकडे बाइटांचा ओघ येत असेल तर हीपलेसमधली एक लिहिणारा, एक वाचणारा अशी रांग घ्या. तिला लॉक लागत नाही. संपूर्ण पेरिफेरल किंवा मोठा स्ट्रक्ट वाटायचा असेल तर क्रिटिकल-सेक्शन क्रेटचा म्यूटेक्स. त्यात ऑप्शन, त्याभोवती रेफसेल, त्याभोवती म्यूटेक्स असं तिहेरी वेष्टण होतं. दिसायला भयंकर आहे हे मान्य. ते दर वेळी लिहायला नको असेल तर प्रश्न १५ मधलं आरटिक बघा, तिथे हे सगळं पडद्यामागे होतं.

क्रिटिकल सेक्शनमध्ये शिरून छापत बसू नका किंवा डीले लावू नका. तेवढा वेळ इंटरप्ट बंद असतात.

११. पिकोवर ॲटॉमिकचं "फेच-ॲड" सापडतच नाही म्हणतो. लायब्ररी अर्धी आली का?

लायब्ररी पूर्ण आहे, चिपमध्येच फेच-ॲडसाठी, म्हणजे वाचून, बेरीज करून परत लिहिण्यासाठी, लागणारी सूचना नाही. कॉर्टेक्स-एम० आणि एम०+ मध्ये एका दमात वाचता येतं आणि एका दमात लिहिता येतं, पण वाचून-बदलून-लिहिणं एका दमात होत नाही. एम३ पासून पुढे ते जमतं. पोर्टेबल-ॲटॉमिक हा क्रेट क्रिटिकल-सेक्शनचं फीचर चालू करून घेतला तर तो ही उणीव आतल्या आत भरून काढतो.

पिकोवर आणखी एक गंमत आहे. कोर दोन आहेत, त्यामुळे एका कोरवर इंटरप्ट बंद केले तरी दुसरा कोर मोकळाच. म्हणून आरपी२०४० साठीचं क्रिटिकल सेक्शन चिपमधला हार्डवेअर स्पिनलॉक घेतं. लॉक धरलेला असताना डीबगरने प्रोग्राम थांबवून रीसेट केला तर लॉक तसाच अडकून राहू शकतो आणि पुढचा प्रोग्राम पहिल्याच क्रिटिकल सेक्शनला गप्प बसतो. हॅलचा स्वतःचा एंट्री मॅक्रो सुरुवातीला हे लॉक मोकळे करतो. तुम्ही कॉर्टेक्स-एम-आरटीचा एंट्री वापरला असेल तर तो हे करत नाही. यूएसबी काढून लावली की चालतं, नुसत्या रीसेटने चालत नाही, असं असेल तर आधी इथे बघा.

१२. अनसेफ अजिबात न लिहिता फर्मवेअर होतं का?

तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये बरेचदा होतं. खाली, पॅक आणि हॅलमध्ये, अनसेफ असतंच. ठराविक पत्त्यावर शब्द लिहिला की मोटर फिरते, हे कंपायलरला कोण सांगणार?

अनसेफ म्हणजे "इथे तपासणी बंद" असा समज आहे, तो चुकीचा आहे. उसनवारीचे, म्हणजे कोणता डेटा कोण कधी वापरू शकतं याचे, नियम आतही लागू असतात. कच्चा पॉइंटर वापरणं, अनसेफ फंक्शन बोलावणं अशा मोजक्या गोष्टींना तेवढी परवानगी मिळते. मी टीममध्ये एक नियम ठेवलाय. प्रत्येक अनसेफच्या वर, हे का बरोबर आहे ते मराठीत नाहीतर इंग्रजीत दोन ओळींत लिहायचं. लिहिता आलं नाही तर बहुधा ते बरोबर नसतंच.

१३. पॅनिक झालं की चिपचं काय होतं?

तुम्ही सांगाल ते. नो-एसटीडीमध्ये पॅनिक हँडलर द्यावाच लागतो. टेबलवर पॅनिक-प्रोब वापरा, म्हणजे कुठल्या ओळीवर कोसळलं ते दिसतं. तयार मालात मात्र पॅनिक-हॉल्ट ठेवून माल पाठवू नका. तो नुसता कायमचा फिरत बसतो, आणि त्या वेळी हीटर चालू असेल तर चालूच राहतो. आधी आउटपुट सुरक्षित स्थितीत न्या, कारण कुठेतरी नोंदवा, मग रीसेट. प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा वॉचडॉग वेगळा हवाच.

ॲरेच्या बाहेरचा इंडेक्स हे पॅनिकचं नेहमीचं कारण. बाहेरून आलेल्या पॅकेटमधली लांबी थेट इंडेक्स म्हणून वापरू नका, "गेट" वापरा आणि नन आला तर पॅकेट टाकून द्या.

१४. म्हणजे रस्टमध्ये बग येतच नाहीत?

येतात हो. डेडलॉक करता येतो. मेमरी गळती हा रस्टच्या हिशेबात "सुरक्षित"च प्रकार आहे. प्रीस्केलर चुकीचा लिहिलात तर घड्याळ चुकीचंच चालेल. दोन कामांचा क्रम चुकला तर डेटा शाबूत राहूनही मशीन उलटं फिरेल.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम सांगाव्यात अशा आहेत. पहिली, संख्या ओव्हरफ्लो झाली की डीबगमध्ये पॅनिक होतं, पण रिलीजमध्ये ती गपचूप शून्यापासून पुढे जाते. प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक चालू ठेवा किंवा नेमकं काय हवंय ते "रॅपिंग", "सॅच्युरेटिंग" अशा फंक्शनने लिहा.

दुसरी, स्टॅक, म्हणजे फंक्शनांची तात्पुरती मेमरी. नेहमीच्या मांडणीत स्टॅक वरून खाली वाढतो आणि भरला की स्टॅटिक व्हेरिएबलांवर चढतो. एरर नाही, काही नाही, आकडे आपोआप बदलायला लागतात, आणि हे संपूर्ण सेफ कोडमध्येही होतं. फ्लिप-लिंक हा लिंकर स्टॅकला खाली आणि स्टॅटिकना वर ठेवतो. मग भरलेला स्टॅक रॅमच्या हद्दीबाहेर जातो आणि सरळ हार्डफॉल्ट येतो. कॉर्टेक्स-एमच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी तो पहिल्या दिवशी लावतो.

१५. एम्बसी, आरटिक की आपलं फ्रीआरटीओएस?

तिन्ही एकाच चिपवर अनेक कामं चालवायची साधनं. वाट बघण्याचं काम जास्त असेल, म्हणजे सेन्सर, रेडिओ, बटणं, बॅटरीवर चालणारं काही, तर एम्बसी. असिंक फंक्शन लिहायची, काम नसलं की सीपीयू आपोआप झोपतो, आणि प्रत्येक टास्कला वेगळा स्टॅक लागत नाही. फक्त हे सहकारी तत्त्वावर चालतं. एक टास्क लांबलचक गणित करत बसला की बाकीचे ताटकळतात.

वेळेचं गणित काटेकोर असेल तर आरटिक. याची मुळं स्वीडनमधल्या लुलेओ विद्यापीठातल्या संशोधनात आहेत. प्रत्येक टास्कला प्राधान्य ठरलेलं, शेड्युलरचं काम चिपच्या इंटरप्ट कंट्रोलरकडे, आणि एका कोरवर डेडलॉक होणार नाही अशी रचनेतूनच हमी. मोटर कंट्रोलला मी हेच घेतो.

फ्रीआरटीओएसवर आधीच मोठा प्रोजेक्ट उभा असेल तर तो मोडू नका, प्रश्न १८ वाचा.

१६. एम्बसीत "सिलेक्ट" लावल्यापासून यूएआरटीचे बाइट गायब होतात. हॅलचा बग का?

बहुतेक वेळा नाही. सिलेक्टमध्ये दोन फ्यूचर, म्हणजे अजून पूर्ण न झालेली असिंक कामं, शर्यतीत असतात. एक जिंकलं की दुसरं टाकून दिलं जातं. टायमर जिंकला त्या क्षणी अर्धवट राहिलेलं वाचन रद्द होतं, आणि पुढचं वाचन सुरू होईपर्यंत आलेले बाइट ठेवायला जागाच नसते. बफर्ड यूएआरटी घ्या. त्यात इंटरप्ट बाइट जमा करत राहतो, तुम्ही वाचत असा किंवा नसा.

डीएमएचंही (सीपीयूला न गुंतवता मेमरीत डेटा नेणारं हार्डवेअर) असंच एक दुखणं आहे. डीएमए चालू असताना फ्यूचर टाकून दिलं की त्याचा ड्रॉप (वस्तू संपताना चालणारा कोड) डीएमए थांबवतो, इथपर्यंत ठीक. पण रस्टमध्ये एखादी वस्तू "विसरून" जाणं सेफ मानलं जातं आणि विसरलेल्या वस्तूचा ड्रॉप चालत नाही. मग डीएमए तुमच्या स्टॅकच्या जुन्या जागेवर लिहीत राहतो. म्हणून काही हॅल स्टॅटिक बफरच मागतात. तो त्यांचा हट्ट नाही, कारण हे आहे.

१७. ईएसपी३२ वर वायफायसकट चालेल?

चालेल. सी३, सी६ या रिस्क-फाइव्ह चिप घेतल्यात तर नेहमीचा स्टेबल कंपायलर पुरतो. मूळ ईएसपी३२ आणि एस३ एक्स्टेन्सा आहेत. त्यांच्यासाठी ईएसपी-अप नावाच्या टूलने ईएसपी बनवणाऱ्या एस्प्रेसिफचा वेगळा कंपायलर घ्यावा लागतो. त्याने काही अडत नाही, पण नव्या माणसाला मी सी३ च सुचवतो.

इथे एक अपवाद आहे. ईएसपी-आयडीएफच्या, म्हणजे एस्प्रेसिफच्या सी फ्रेमवर्कच्या, वर रस्टची पूर्ण स्टँडर्ड लायब्ररी चालते. थ्रेड, सॉकेट, वाढणारी व्हेक सगळं मिळतं, प्रश्न ५ विसरा. त्या बदल्यात आयडीएफचा सीमधला सगळा पसारा सोबत येतो आणि बिल्डला वेळ लागतो.

१८. दहा वर्षांचा सी कोड आहे. सगळं परत लिहू का?

नको. शेतात चालणारा पंप कुणी भाषा बदलायची म्हणून उपसून काढत नाही. बाहेरून आलेला, विश्वास ठेवता येणार नाही असा डेटा जिथे फोडला जातो तेवढा भाग आधी रस्टमध्ये करा: मॉडबसचा पार्सर, ब्लूटूथची पॅकेटं, फर्मवेअर अपडेटची फाइल. त्याची स्टॅटिक लायब्ररी बनवा आणि सीमधून बोलवा. सी हेडर सीबाइंडजेन काढून देतं, उलट दिशेला बाइंडजेन आहे. लिनक्स कर्नलनेही डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये रस्टला दार उघडलं ते नव्या ड्रायव्हरांसाठी, जुना सी फेकून नव्हे.

सीमेवर एक काळजी घ्या. सीकडून आलेला पॉइंटर आणि लांबी यांवर रस्ट डोळे मिटून विश्वास ठेवतं. लांबी चुकीची आली तर पुढची सगळी सुरक्षा वाया.

१९. गाडीत चालतं का? आमच्याकडे मिस्राशिवाय (गाड्यांच्या सी कोडची नियमावली) पान हलत नाही.

पुणे-चाकण पट्ट्यातून हा प्रश्न ठरलेला. २०२३ मध्ये फेरोसीन हा रस्टचा कंपायलर गाड्यांच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ मानकाच्या एएसआयएल डी या सर्वात कडक पातळीसाठी पात्र ठरला, आणि त्याचा कोड खुला आहे. म्हणजे "पात्र कंपायलरच नाही" ही अडचण गेली. पण पात्र ठरलाय कंपायलर, तुम्ही घेतलेला हॅल किंवा हीपलेस नाही. त्या प्रत्येक क्रेटची जबाबदारी तुमच्यावर. ऑटोसारचा (गाड्यांच्या सॉफ्टवेअरची प्रमाण रचना) मोठा ढाचा असलेल्या ईसीयूत (गाडीतल्या कंट्रोलरमध्ये) पहिलं पाऊल टाकण्यापेक्षा आधी टेस्ट रिग, गेटवे, डायग्नोस्टिक्स इथे सुरुवात करा. ऑडिटरशी पहिल्याच दिवशी बोला, प्रोजेक्टच्या शेवटी नाही.

२०. सी न शिकता थेट रस्ट शिकू? नोकरी मिळेल?

जाहिरातींत अजून सीच मागतात, तेव्हा सी यायलाच हवं. दुसऱ्याचा ड्रायव्हर आणि डेटाशीट वाचायलाही ते लागतं. पण क्रम कुठलाही चालेल. रस्ट आधी शिकलेली मुलं सी लिहिताना "या बफरचा मालक कोण?" असं आपणहून विचारतात, हे मी दोन बॅचमध्ये पाहिलंय.

२१. माझा प्रोग्राम टाकल्यापासून बोर्ड नवीन प्रोग्रामच घेत नाही. चिप गेली का?

बहुतेक नाही. एक तर प्रोग्राम सुरू होताच गाढ झोपेत जातो आणि डीबगरला दाद देत नाही, नाहीतर तुम्ही एसडब्ल्यूडीचे (डीबगर जोडायचे) पिन दुसऱ्याच कामाला लावलेत. एसटीएमवर पीए१३ आणि पीए१४ हे ते दोन पिन.

एसटीएमवर रीसेटची तार डीबगरला जोडा आणि प्रोब-आरएसला "कनेक्ट अंडर रीसेट" सांगा. तार नसेल तर बूट० पिन हाय करून रीसेट द्या, म्हणजे चिप तुमचा प्रोग्राम सोडून स्वतःच्या बूटलोडरमध्ये जाते. पिकोवर पांढरं बूटसेल बटण दाबून धरा, मग यूएसबी लावा, ड्राइव्ह दिसेल. आणि पुढच्या वेळी मेनच्या पहिल्या ओळीत दोन सेकंदांचा डीले टाकून ठेवा. तेवढ्यात डीबगर आत शिरतो.